पुलिया

"चैत्रात हैदराबादला काय थंडी पडते, म्हणून ऊन शोधायला इटलीत जायचं?"

काचीगुड्याच्या ट्रॅव्हल एजंटकडे शेजारच्या खुर्चीतले काका कुरकुरले, तसं शैलजानं मासिकात डोकं खुपसलं आणि कान मोकळे ठेवले.

"तिकडचं ऊन मऊ असतं म्हणे," काकू म्हणाल्या.

"मग रोमला जाऊ."

"नक्को. गर्दीनं तुमचं बीपी वाढेल."

"व्हेनिस?"

"केबलवर पाहिलं मी. सगळी घरं पाण्यात. तुम्हाला सर्दी होईल."

"सिसिली?"

"तिथं ज्वालामुखी आहे."

"मग तूच सांग बाई!"

"पुलिया. उबदार आहे, गर्दीही नाही."

"अगं, पुलियावर बसायला विमान कशाला? बरकतपुऱ्यात नाल्यावर आहे की, रोज संध्याकाळी तिथंच बसतो मी!"

"अहो, प्रांत आहे तो."

"त्यात उतरायचं कुठल्या गावात?"

"आहे एक समुद्रकाठी."

"त्याला नाव नाही?"

"आहे. पण तिथं लग्न झाल्यापासून तुम्ही घरात काढू देत नाही."

"कुणाचं लग्न?"

"माझं!" काकू फणकारल्या.

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"रेणूकडं जायचंय म्हण की सरळ! मला काय लेक आठवत नाही होय?"