लघु म्हणे लघु!

...नाही नाही, सोनोग्राफीबद्दल माझी काही तक्रार नाही, पोटात खडा आहे की नाही हे बघायला कोणीतरी आत डोकावायलाच हवं, पण सासऱ्यांना बरोबर नेऊ नये! तुम्हाला सांगतो, एकटे जा, शेजाऱ्याला न्या, रस्त्यात भेटेल त्याला न्या, पण ज्यांनी जन्मभर पोरांना भाषा शिकवली आणि निवृत्त झाल्यावर ज्यांना शिकवायला पोरंच उरली नाहीत, असे सासरे... अजिबात नाही! बायको म्हणाली, "मला रजा नाही, बाबा येतील. तेवढीच तुम्हाला सोबत!"

सोबत!

आता या तपासणीचं कसं असतं, ठाऊक असेल तुम्हाला. पाणी प्यायचं, पीतच राहायचं, अगदी तुडुंब झालात की काउंटरवरच्या बाईंना सांगायचं. मध्येच मोकळे होऊन आलात तर नंबर गेला, पुन्हा पहिल्यापासून पाणी! त्यामुळे ती खोली कशी, तर सगळे पाय आवळून बसलेले, कोणी छताकडे बघतंय, कोणी डोळे गच्च मिटलेत, आणि बाई अधूनमधून ओरडतायत, "धरून ठेवा हं, धरून ठेवा!" मला तर धरून ठेवणं भागच होतं हो. आठवडाभर कळांनी गडाबडा लोळत होतो, खडा मोठा निघाला तर ऑपरेशन, नाहीतर सुटका, आणि ते आजच कळायला हवं होतं.

शेवटी कसाबसा उठलो, काउंटरपाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "बाई, मला... ते... आलंय."

"काय आलंय? रिपोर्ट?"

"नाही हो, ते..."

आता तुम्हीच सांगा, पुढे परक्या बाई, मागे सासरे, माणसाने बोलावं तरी कसं? आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. लहानपणी करंगळी दाखवली की भागायचं. मी काय केलं असेल? दाखवली करंगळी! एवढा घोडा झालोय, मिशा पिकल्यात, आणि भर खोलीत करंगळी वर!

मागून वर्गात घुमावा तसा आवाज आला, "जावईबापू! लघवी म्हणा, लघवी! लाजता कसले? सभ्य शब्द आहे!"

सगळी खोली वळली माझ्याकडे. बाई म्हणाल्या, "अजून लोक आहेत पुढे. धरून ठेवा!" मी मान खाली घालून परत जागेवर. आणि सासरेबुवांचा तास सुरू!

"अहो, मूळ संस्कृत शब्द मूत्र. प्राकृतात त्याचं झालं मुत्त, आणि आपल्या तोंडी आलं मूत. सरळ, रोखठोक! पण लोकांना वाटायला लागलं, शी, काय हे! मग आणला लघु. लघु म्हणजे लहान, हलकं. त्याचं लघ्वी, त्याची लघवी. म्हणजे काय? एक लहानसं काम!"

लहानसं? इथे माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, पातळी गळ्यापर्यंत चढलीये असं वाटत होतं, कोणी नुसता धक्का दिला असता तर... लघु म्हणे लघु!

"मग लघवीचीही लाज वाटायला लागली," सासरेबुवांनी माझ्याच बाटलीतलं पाणी घटाघटा पिऊन घसा ओला केला. "मग म्हणायला लागले बाथरूम. तिथे काय आंघोळ करणार आहात? आता वॉशरूम. उद्या तेही नकोसं होईल. काम तेच हो, नुसतं पांघरूण बदलायचं!"

समोरचे एक जाडसर गृहस्थ खुदकन हसले, एकदम गंभीर झाले आणि हात जोडून म्हणाले, "सर, पाया पडतो, हसवू नका."

गप्प बसतील ते सासरे कसले! विद्यार्थी बोलला म्हटल्यावर त्यांना आणखी चेव. "आणि लहान मुलांचा शब्द? तो तर नुसत्या आवाजावरून! आया काय करतात? ऐका, ऐका सगळे... श्शूऽऽऽऽऽ!"

अहो, त्या खोलीत! तुडुंब भरलेल्या माणसांसमोर! आणि एकदा नाही, मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, "श्शूऽऽऽऽऽ!" जाडसर गृहस्थ उठले ते पळतच सुटले, त्यांच्यामागे एक आजीबाई, आजीबाईंच्या पुढे त्यांची सून, चपला एकीकडे, पर्स एकीकडे! "अहो, नंबर जाईल! धरून ठेवा!" असं ओरडता ओरडता बाई स्वतःच खुर्ची सोडून आत गेल्या! मी मात्र दात आवळून, खुर्ची धरून, देवाचं नाव घेत... लघु म्हणे लघु!

बघता बघता रांग रिकामी, तपासणीसाठी उरलो मी एकटा. साहजिकच माझा नंबर लागला.

डॉक्टरांनी पोटावर ते गार गार जेल लावलं आणि यंत्र दाबलं. दाबलं! मला ब्रह्मांड आठवलं. म्हणाले, "खडा नाही दिसत. पडून गेलेला दिसतोय. ऑपरेशनचं नाव नको!" काय सांगू, आनंदाने रडूच यायला लागलं, वाटलं सासरेबुवांना मिठी मारावी! "आता मोकळे होऊन या," डॉक्टर म्हणाले, "मग पुन्हा एकदा बघतो."

मी जो सुटलो तो थेट दारापाशी! दार बंद. धडाधड थापा मारल्या, "कोण आहे आत? लवकर करा हो!"

आतून शांत आवाज. "मीच आहे, जावईबापू. या वयात घाई करून चालत नाही. तोवर एक करा, दाराशी उभे राहा, युरिन हा इंग्रजी शब्द कुठून आला ते सांगतो."

काय करणार? दाराला टेकलो, डोळे मिटले आणि ऐकलं... अगदी लॅटिनपासून!