खिडकीखालची जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या सरपंच कौशल्याबाई, व्यासपीठावरचे ज्येष्ठ ग्यानोबाकाका, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या रागिणीताई, त्यांना न्यायला आलेले त्यांचे चिरंजीव अनिरुद्ध, आणि हळदीची कामं अर्धी टाकून आलेल्या माझ्या मायबहिणींनो,

मंडळाने मला बजावलंय, ‘मोहिनीबाई, तुम्ही शाळेवर शिकवता, तुम्हाला बोलायची सवय आहे. योगासनांचे फायदे सांगा आणि रडू नका.’ फायदे सांगते. रडण्याचं काही वचन देत नाही.

पंच्याण्णव साली ताई कुरुंद्याला आल्या तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. ताईंचे यजमान शिवप्रसादभाऊ इथल्या पोस्टात बदलून आले होते. त्यांच्या भाड्याच्या घरात, बैठकीच्या खोलीत, ताईंनी बायकांचा सकाळचा वर्ग सुरू केला. योग म्हणजे साधूबैराग्यांचं काम असं मानणाऱ्या आपण तिथं कशासाठी गेलो? कंबरेसाठी. हळद काढून, शिजवून, वाळवून जिची कंबर धड राहिली आहे तिनं हात वर करावा बरं! बघा, एकही हात नाही.

पहिल्याच आठवड्यात ताईंनी हलासन दाखवलं. उताणं निजून पाय डोक्यामागे न्यायचे. वर मोठ्या हौसेनं अर्थ सांगितला, हल म्हणजे नांगर. झालं! धुरपताबाई पदर सावरत उठल्याच. ‘आमी न्हाई करत. बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस पळतो. गाव नावं ठेवील आमाला.’ त्यांच्यामागे अर्धी खोली उठली. औताला बाईनं हात लावायचा नाही ही आपल्याकडची रीत ताईंना कुठून ठाऊक असणार? दुसरी कुणी असती तर आम्हाला अडाणी म्हणून मोकळी झाली असती. ताई म्हणाल्या, ‘बरं, नांगर धरू नका. नुसतं बांधावर जाऊन उभ्या राहा.’ म्हणजे काय, तर गुडघे पोटाशी घ्या, कंबर थोडी उचला आणि परत या. बांधावर जायला कुणाची हरकत असणार?

ताईंचं सगळं शिकवणं हेच. अवघड आसनावर तुटून पडायचं नाही. श्वास अडला की तिथंच थांबायचं, शरीर नको म्हणालं तर त्याचं ऐकायचं, आणि उद्या पुन्हा जायचं. पावसाळा सरता सरता धुरपताबाईंचे पाय मागं जमिनीला टेकले. ‘ताई, टेकले की काय वो?’ असं त्यांनी तशाच अवस्थेत विचारलं आणि आम्ही हसून लोळलो. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, ग्यानोबाकाका साक्षीला आहेत.

कंबरा सैल झाल्या, माझी मान मोकळी झाली, कितीतरी जणींना झोप लागायला लागली. पण खरं सांगू? सगळ्यात मोठा फायदा शेवटच्या शवासनाचा. घरात बाई दिवसा आडवी झाली की लगेच विचारतात, काय तकलीफ आहे? ताईंच्या बैठकीत ती काही तकलीफ नसताना आडवी होत होती.

मागच्या वर्षी, आम्ही वर्गाला निघालो त्याच सकाळी भाऊ गेले. चहा मागितला आणि खिडकीखाली कलंडले. आम्ही हातात सतरंज्या घेऊन दारात पोचलो, तर ताई त्यांचे खांदे हलवत होत्या. ‘अहो, उठा. उठा ना. बायका यायची वेळ झाली.’ ते शब्द माझ्या कानातून अजून गेले नाहीत.

त्या जागेवर तेराव्यापर्यंत दिवा तेवत होता. पुढं ताईंनीच निरोप पाठवला, वर्ग सुरू करू. आम्ही एकमेकींना खेटून बसलो, पण खिडकीखाली कुणी सतरंजी टाकेना. ताई शवासनाचं नावही घेत नव्हत्या. ओंकार झाला की ‘या आता’ म्हणायच्या आणि मागच्या दारी निघून जायच्या.

एके दिवशी धुरपताबाईंनी आपली सतरंजी सरळ तिथं अंथरली. ताई ओरडल्या, ‘तिथं नको!’ धुरपताबाई हलल्या नाहीत. ‘काहून नको? माझा मालक गेला तवा मला झोप येत न्हवती, तर तुमीच मला इथं निजवलं व्हतं ना? आता मी हाय इथं. तुमी नुसतं बांधावर या.’ ताई भिंतीला टेकून रडल्या. भाऊ गेल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या त्या दिवशी. तेव्हापासून त्यांची सतरंजी रोज जराशी खिडकीकडे सरकायला लागली. एखाद्या दिवशी मागंही जायची.

आता अनिरुद्ध आईला औरंगाबादला नेतोय. बरोबरच आहे, एकटीनं किती दिवस राहायचं? घरही रिकामं करून द्यायचंय. पण ताईंना एकच धास्ती होती. मला म्हणाल्या, ‘मोहिनी, त्या जागेवर न निजता गेले, तर ती जागा जन्मभर माझ्यामागे येईल गं.’

काल शेवटचा वर्ग झाला. भांडी पोत्यात भरलेली, भिंती उघड्या. ताई खिडकीखाली निजल्या, डोळे मिटले आणि सूचना द्यायला मला सांगितलं. पाय सैल, पोट सैल, कपाळ सैल, मी म्हणत गेले. मग उठवायची वेळ आली. त्या जागेवर तो शब्द कसा म्हणायचा? बायका पदरात तोंड घालून रडत होत्या. ताईंनी डोळे न उघडता सांगितलं, ‘म्हण, मोहिनी. मी त्यांना किती वेळा म्हटलं, ते उठले नाहीत. तू म्हण, मी उठते.’

मी म्हणाले, ‘ताई, उठा.’

ताई उठल्या.

कौशल्याबाईंनी मला बोलू दिलं आणि तुम्ही कामं खोळंबवून ऐकलंत, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. गौरवाच्या दिवशी मरणाचं बोलले, काही उणंअधिक झालं असेल तर लेकीचं म्हणून पोटात घाला. ताई, सुखानं जा. उद्या सकाळी आम्ही सगळ्याजणी सतरंज्या घेऊन निघू, पण कुठं जायचं ते अजून कुणालाच ठाऊक नाही.