रोहणा येथे शेकोटीच्या उजेडात काढलेल्या चेहऱ्यांबाबत

नाव सुलोचना, नवऱ्याचे नाव प्रभाकरराव उमरे, वय २९ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार रोहणा, तहसील आर्वी, जिल्हा वर्धा. दिनांक २८ जानेवारी १९५७.

मी ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, माझे पती रोहण्याच्या शाळेत शिक्षक आहेत. आम्ही तीन वर्षांपासून तेथे राहतो. गावात माझे कोणाशी वैर नाही.

दिनांक १८ रोजी शुक्रवारी पतींचे मित्र हरिदास बोबडे, फोटोग्राफर, राहणार नागपूर, आमच्याकडे मुक्कामी आले. शेकोटीच्या उजेडात गावकऱ्यांचे नुसते चेहरे, अगदी जवळून, काढायचे असे त्यांच्या मनात होते. रात्री साडेआठ वाजता आमच्या अंगणात शेकोटी केली. आमच्याकडे लाकडे फोडायला येणारा लहानू हा तुराट्या टाकून जाळ उंच ठेवत होता. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचे झाकण काढल्यापासून परत लावेपर्यंत बसणाऱ्याने हलायचे नव्हते. तेवढा वेळ मोजण्याचे काम मला दिले. आकडे मोजले तर बसणाऱ्याचे ओठही सोबत हलत. म्हणून मी रामनामाने मोजले. माळेच्या सवयीने माझा वेग कमीजास्त होत नाही. बारा नामांत एक चेहरा. बसणाऱ्याला कळावे म्हणून मी त्याच्या कानाशी वाकून हळू म्हणत होते.

चार चेहरे काढले. गावातले रूपराव व पुंडलिकराव, लहानू आणि शेजारच्या भागीरथाबाई, वय अंदाजे पासष्ट. भागीरथाबाई बसताना म्हणाल्या, "आमच्या बुढ्यानंही एवढ्या जवळून पाह्यलं नाई मले." सगळे हसले. हसण्याने त्यांची मान हलत होती, म्हणून मी त्यांना "श्वास धरा" असे सांगितले. नंतर "सोडा" असे सांगितले किंवा नाही, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी हरिदास फोटोच्या काचा घेऊन नागपूरला गेले.

रविवारी पहाटे भागीरथाबाई झोपेत वारल्या. त्यांना थंडीत दम लागत असे. मी मयतीला गेले. बायका मला वाट देऊन लांब सरकल्या. मंगळवारपासून मी विहिरीवर गेले की बाकीच्या आपली भांडी उचलून बाजूला होतात.

दिनांक २६ रोजी सकाळी आठ वाजता पती झेंडावंदनाला गेले असता भागीरथाबाईंचा मुलगा चंद्रभान, सून कुंताबाई आणि दहा-बारा लोक अंगणात आले. कुंताबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, माह्या सासूच्या कानात काय म्हणत होत्या तुमी?"

मी म्हणाले, "रामनाम."

"रामनाम कानात कोनाच्या सांगतेत? मरनाऱ्याच्या! तुमी तं जित्या मानसाले पोचवून देल्लं."

ही रीत मला माहीत आहे. माझ्या आईच्या कानात मीच नाम सांगितले होते. त्या रात्री शेकोटीपुढे ते माझ्या ध्यानात आले नाही.

चंद्रभान म्हणाला, "अमावस्येच्या आत माह्या मायची काच आनून दे. नाई तं दात पाडू तुहे. दात नसले का मंत्र चालत नाई." लहानू मागे उभा होता. तो शिवी देत नव्हता. त्याने एवढेच विचारले, "बाई, माह्या कानात पुरे बारा झालते का?"

अमावस्या परवा बुधवारी आहे. पती म्हणतात, हा अडाणीपणा आहे, दोन दिवसांत निवळेल. मीही असले काही मानत नाही. २६ तारखेपासून मी पूजा ओठ मिटून करते. कंदील रात्रभर विझवत नाही. त्याने घासलेट जास्त लागते.

तरी माझी विनंती आहे की, बुधवारच्या आत हरिदास बोबडे यांच्याकडून काच मागवावी आणि तोपर्यंत आमच्या घरी एक शिपाई बसवावा.

जमादारांनी वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. फक्त चेहरे चार लिहिले आहेत, ते पाच करावे. पाचवा चेहरा माझी मुलगी गोपिका, वय सहा वर्षे, हिचा. तिच्याही कानात मीच बारा नामे म्हटली. तिची काच आधी आणावी. बाकी बरोबर आहे.

सही : सुलोचना प्रभाकरराव उमरे