कोपराएवढी जागा

शांताराम: ...आनि माझ्या जाल्याचा तरंगता बोया कापून तू हे केलंस? मला वाटलं उंदरानं कुरतडला.

रिद्धी: तुटकाच होता बाबा, पडवीत पडलेला. हात खाली सोड ना, जाकीट अंगात नीट बसू दे.

शांताराम: बायकांचं जाकीट बापाला घालतेस. कोनी बगितलं तर?

रिद्धी: दिशाला बसलं. आता हे दुसरं रुंद अंगाला बसतं का ते बघायचंय. कंपनीतल्या रेखाभाभीलाही पाहिजे.

शांताराम: दिशा म्हंजे आपल्या सुजीतची पोरगी? तिनं तर तुमचं शिलाईचं काम सोडलं म्हनत होते.

रिद्धी: सोडणारच होती. बोईसरच्या बसमध्ये एक माणूस रोज तिच्या पाठीला चिकटून उभा राहायचा. ती पुढे सरकली की तोही सरकायचा. शेवटी घरी सांगायला लागली, पोट दुखतं, आज जात नाही.

शांताराम: कोन तो? दाखव मला.

रिद्धी: काय दाखवू? इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. चारचौघांसारखा.

शांताराम: मंग तवाच बोंब मारायची.

रिद्धी: तोंडातून आवाज निघत नाही रे त्या वेळी. आणि निघाला तर लोक म्हणतात, गर्दी आहे, लागलं असेल. म्हणून हे शिवायला घेतलं. आधी आत तार घातली, ती दिशालाच टोचली. मग फोम भरला गच्च, तर बाई बसच्या दारातच अडकली!

शांताराम: दारात? आरं देवा!

रिद्धी: हसू नको. मग बोया पातळ कापला, पाठीला आणि बगलेखाली पट्ट्या शिवल्या. आतून टोचत नाही, बाहेरून रेटलं तर दबत नाही. वरून साधं जाकीट.

शांताराम: (भिंतीला पाठ टेकून) खरंच की! भिंत पन लांब रायली.

रिद्धी: आज ती घालून आली. मी मागच्या सीटवर होते. तो आला, टेकला. पट्टी लागली. पुन्हा टेकला.

शांताराम: मंग पलाला?

रिद्धी: कुठला! जाकिटाला घाबरून कोण पळतंय? पण मध्ये एवढी जागा राहिली, की दिशाला वळता आलं. वळली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "मागे सरका." एवढ्या मोठ्यानं, की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. मग रेखाभाभी उठली, "भाईसाब, नीचे उतरो." अख्खी बस त्याच्याकडे बघायला लागली. कुंभवलीला उतरला मुकाट.

शांताराम: वा गं वा! तिची जीभ आनि तुजा हात! तुजी आय बाजारातनं येऊ दे, तिला सांगतो. उद्या अख्ख्या मुरबे गावाला कललं पायजे.

रिद्धी: नको रे बाबा, दिशाला आवडणार नाही.

शांताराम: बरं, तिचं नाव नाय घेत. तुजं घेतो. तारेनं जमलं नाय, फोमनं जमलं नाय, तरी सोडलं नायस... पन पट्टी नेमकी कुठं पायजे, ते तुला कसं कललं? दिशाला इचारलंस?

रिद्धी: काढ आता जाकीट. कळलं मला.

शांताराम: रिद्धे. इचारलंस का तिला?

रिद्धी: विचारायला लागलं नाही.

शांताराम: ...कदी?

रिद्धी: नवीन कामाला लागले तेव्हा.

शांताराम: आनि मला बोल्ली नायस.

रिद्धी: तू काम बंद केलं असतंस माझं.

शांताराम: ...हां. केलं असतं.

रिद्धी: मग?

शांताराम: उद्यापासनं मी येतो बसला. तुज्या मागं उबा रायतो.

रिद्धी: मग ती जागा तुझी होईल, बाबा. मला माझी पाहिजे.

शांताराम: ...बरं. नाय येत. पन आता कदी काय झालं तर घरी येऊन सांग. काम बंद कर म्हननार नाय. ऐकीन फकस्त.