समोर येऊन

कानाच्या दवाखान्यात शिंपीणबाई मासिक उघडून बसल्या होत्या, पण पान काही उलटत नव्हतं. शेजारी एक आजी-आजोबा बसले होते आणि आजोबांचा आवाजच असा, की भिंतींना कान नसते तरी ऐकू गेलं असतं.

"मला मशीन नको."

"अहो, हळू! चर्चमध्ये मिस्सेत फादरांचा एक शब्द तरी कळतो का तुम्हाला?"

"परवाचं सगळं कळलं. देवाने आधी संदेष्ट्यांच्या तोंडून हाका मारल्या, लोकांनी कानाडोळा केला. शेवटी तो स्वतःच माणूस होऊन आला."

"हे मी सांगितलं तुम्हाला, घरी आल्यावर!"

"तेच म्हणतोय. फादरांपेक्षा तू बरं सांगतेस."

"लाडीगोडी पुरे. स्वयंपाकघरातून हाका मारून मारून घसा बसतो माझा."

"मग काय करतेस?"

"काय करणार? गॅस बारीक करते, हात पुसते आणि तुमच्यासमोर येऊन उभी राहते."

"बघ! देवाने तरी वेगळं काय केलं?"

"अगं बाई, कुठे नेऊन बसवलंत मला! त्याने क्रुसावर जीव दिला. मी नुसता चहा देते."

"चहा तर चहा. पण मशीन बसलं की तुझी हाक तिथूनच ऐकू येईल. मग तू कशाला येशील?"

तेवढ्यात आतून आजोबांचा नंबर पुकारला, परत पुकारला. आजोबा ढिम्म. मग आजी उठल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"चला. ऐकू आलं तरी येईन मी."