एकशेबावीस नंबर आणि आमचा गुरुशांत

...आणि वर जो भेटतो तो मलाच विचारतो, "किती वर्षांपासून पिता हो?" तुम्हाला सांगतो, मी चहासुद्धा अर्धा कप पितो, आणि तोही वहीत लिहून. सत्तावीस वर्षं झाली, रोजची वही आहे माझी. भाजी कोणती होती, नळाला पाणी किती दिवसांनी आलं, दाढीचं ब्लेड कुठल्या तारखेला बदललं, सगळं. अशा माणसाचं हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात आणि डॉक्टर म्हणतात, "हिपॅटायटिस सी आहे. यकृतात विषाणू बसलाय. हर्निया थांबू द्या, आधी ह्याच्या गोळ्या, बारा आठवडे." मी विचारलं, आला कधी? ते म्हणाले, "रक्तातून येतो. जुनी सुई असेल, कुणाचा वस्तरा असेल, आता काय सांगणार?" सत्तावीस वह्या चाळल्या मी. विषाणू आल्याची नोंद नाही.

बरं, आला तर आला. पण टिकला कसा? ते आमच्या प्रियंकानं सांगितलं. मुलगी एमएस्सी करते, पेशींतलं काहीतरी बारीक बारीक. ती म्हणाली, "पप्पा, आपल्या पेशींत मायक्रोआरएनए असतात. एवढेएवढेसे. कुठलं काम कधी थांबवायचं ते बघतात."

"म्हणजे मुकादम."

"हां, मुकादम. आणि यकृतात सगळ्यात जास्त गर्दी कुणाची, तर एकशेबावीस नंबरची. एरवी चरबीचं, कोलेस्टेरॉलचं काम बघतो. पण हा विषाणू आत शिरला की त्याचं एक टोक उघडं असतं, पेशी ते कुरतडून त्याला संपवायला बघते, आणि नेमका तेव्हा हा एकशेबावीस जाऊन त्या टोकाला चिकटतो. झाकलं गेलं ना टोक! मग विषाणू जगतो आणि वाढतो."

आता बघा, चोर उन्हात उभा आहे, सोलापूरच्या उन्हात, अर्ध्या तासात आपोआप चक्कर येऊन पडला असता, आणि आमचाच मुकादम पळत जाऊन त्याच्या डोक्यावर टोपी घालतोय, "ऊन लागंल हो पाव्हणं." मी म्हटलं, काढून टाका त्या एकशेबावीसला. तर ही म्हणते, "त्याला अडवायचं औषधही लोकांनी करून बघितलंय, पण तुमच्या गोळ्या वेगळ्या. त्या विषाणूचंच यंत्र बंद पाडतात, ह्याला हात लावत नाहीत. आणि काढून कसं चालेल पप्पा? यकृताचं रोजचं काम कोण करणार? आपलाच आहे तो. जरा भोळा आहे."

जरा भोळा आहे... आणि तेवढ्यात समोरून गुरुशांत आला, माझ्या चपला घालून, माझा टॉवेल खांद्यावर टाकून. आता घरच्याला काय म्हणणार?

गुरुशांत माझा मेहुणा. आमच्या लग्नात सात वर्षांचा होता, मांडवात माझ्या मांडीवर झोपला तो अजून उतरलेला नाही. चार वर्षांपूर्वी दुधनीहून आठ दिवसांसाठी आला. टॉवेलच्या कारखान्यातला सेकंडचा माल उचलतो आणि माढा, मंगळवेढा, जिथं बाजार असेल तिथं जाऊन विकतो. तर डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, तुमचा रेझर कुणी वापरत असेल तर त्याचं आधी. प्रियंकाचं चांगलं आलं, आमच्या गौरम्माचं, म्हणजे सौभाग्यवतींचं, चांगलं आलं. मग गौरम्मा हळूच म्हणाली, "अहो, गुरू रोज सकाळी तुमचा रेझर घेऊन मोरीत जातो."

माझं दुखणं मला एवढं लागलं नव्हतं, खरं सांगतो. मांडीवर झोपलेलं पोर, आणि त्याला मी काय दिलं, तर हे?

त्याला म्हटलं, चल, रक्त दे. सुई म्हटल्यावर तो पांढरा पडला. "दाजी, मला काय झालंय? मंगळवेढ्याच्या बाजारात पाच तास उभा असतो की मी." मी एकशेबावीसची सगळी कथा सांगितली. त्यानं पोटावर हात ठेवला. "माज्याबी हितं हाय व्हय त्यो?" म्हटलं, सगळ्यांच्या असतो. "मग मी समजावून सांगतो की त्याला. आपलाच हाय म्हणता न्हवं?"

आता घरच्याला काय म्हणणार?

पुढं काय केलं त्यानं? सुई नको म्हणून मला रिक्षात घालून दुधनीच्या पलीकडं एका गावात नेलं. तिथं एक म्हातारबाबा कावीळ उतरवतात. हाताला कसला तरी पाला चोळतात, चुन्याच्या निवळीनं धुतात, आणि परातीत पाणी पिवळं होतं. गुरुशांतचं पिवळं झालं. "बगा दाजी, उतरलं." मी आपला पद्धतशीर माणूस. म्हटलं, माझे हात धुवा. पिवळं. रिक्षावाल्याचे धुवा. पिवळं. म्हटलं बाबा, आता तुमचे स्वतःचे धुवा. बाबा म्हणाले, "माजे रोजच धुतो की." आणि गुरुशांत खूश. "लई बेस झालं दाजी, एका खेपेत तिगांचं उतरलं."

शेवटी गौरम्मानंच त्याला प्रयोगशाळेत नेलं. रागावली नाही, रडली नाही. स्वतः खुर्चीत बसली, बाही वर केली आणि रक्त घेणाऱ्या मुलीला म्हणाली, "आधी माझंच घ्या परत. हा बघू दे." गुरुशांत बघत राहिला. मग म्हणाला, "ऊठ अक्का," आणि तिच्या जागी बसला, डोळे गच्च मिटून.

तीन दिवस माझ्या वहीत भाजी नाही, पाणी नाही. एकच ओळ, रिपोर्ट आला नाही.

चौथ्या दिवशी आला. काही नाही. स्वच्छ. गौरम्मानं रिपोर्ट देवापुढं ठेवला. आणि मी, हिशोब जुळला नाही की मला चैन पडत नाही, त्याला गच्चीवर घेऊन गेलो. म्हटलं, देवाची कृपा, पण रोज माझ्या रेझरनं दाढी करतोस आणि इतका कोरडा कसा राहिलास?

खाली मान घालून म्हणतो, "दाजी, दाढी मी कोपऱ्यावरच्या सलूनात करतो. तुमचा रेझर टावेलला वापरतो. सेकंडच्या मालाचं धागं लोंबतात. तुमचं ब्लेड नवं असलं की झ्याक तुटतात."

चार वर्षं माझी हनुवटी ओरबाडून निघत होती ती अशी! म्हटलं, अरे मग आधीच बोलायचं. घाबरलास, दुधनी गाठलीस, सुई टोचून घेतलीस...

"तुमी वहीत लिवलं असतं की. तारीख घालून. गुरुशांतनं ब्लेड बोथट केलं म्हणून. उद्या प्रियंकाची पोरं वाचतील, मामाआजा असला होता म्हणून. त्यापरीस सुई परवडली."

आता घरच्याला काय म्हणणार? लिहिणार नाही असा शब्द दिला. त्या दिवशी वहीत काय आहे, तर वांग्याची भाजी, पाणी चार दिवसांनी. एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन माणसानं किती दिवस राहायचं? म्हणून तर तुम्हाला मघापासून धरून बसलोय.