कासवाचं पान

दाताच्या दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. नुकतीच जीवशास्त्राची पदवी घेतलेली ती मासिक चाळत बसली, पण कान मात्र समोरच्या बाकाकडे होते. तिथे मुलांसाठी लिहिणारे एक म्हातारे लेखक आणि त्यांच्या पुस्तकाची संपादिका बसली होती.

“कासव मरतं ते पान उडवलंस ना शेवटी?”

“मुलांना झेपणार नाही, असं मी म्हणाले होते, सर.”

“म्हणजे उडवलंस. अगं, त्या पानासाठीच बाकीचं पुस्तक लिहिलं!”

“ऐका तर. छापण्याआधी मी तिसरीच्या वर्गात वाचून बघते. मुलं चुळबुळली की त्या ओळीवर पेन्सिलीचा ठिपका.”

“मग त्या पानाला गोवरच आला असेल.”

“तिथवर एक ठिपका नाही. सगळी चिडीचूप. ते पान आलं आणि माझ्याच्यानंच वाचवेना, म्हणून न वाचताच उलटलं.”

“चोर!”

“पकडलीच गेले. पहिल्या बाकावरची म्हणाली, ‘बाई, मधलं पान राहिलं.’ माझ्या हातातून कागद घेतले आणि तिनंच वाचलं. सावकाश, एक शब्द न गाळता.”

“म्हणजे पान आहे?”

“आहे तिथंच. काल छपाईला गेलं.”

“आणि ती वाचत होती तेव्हा तू काय करत होतीस?”

“फळा पुसत होते, सर.”

“काय लिहिलं होतं?”

“काही नाही. कोराच होता.”